एक्सची जोडी शोधताना

बहुतेक कोळ्यांच्या नरात वाय गुणसूत्र दिसत नाही. नराकडे दोन वेगवेगळी एक्स गुणसूत्रं असतात आणि मादीकडे त्या दोन्हींच्या जोड्या, म्हणजे एकूण चार. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात हे सांगितलं की मुलं वहीतून मान वर काढतात. शाळेपासून त्यांनी एक्स-वाय घोकलेलं असतं. मग कोणीतरी विचारतंच, "मॅडम, वाय नाही तर नर होतो कसा?"

कुंभिवलीच्या या प्राध्यापक बाईंनी नोकरीची सगळी वर्षं हा प्रश्न ऐकला आणि सुट्ट्यांचा बराचसा वेळ त्याच्या उत्तरामागे घालवला. गाव खालापूर तालुक्यातलं, नोकरी मुंबईच्या एका महाविद्यालयात. पहाटे खोपोली लोकल पकडायची आणि दिवेलागणीला घरी परतायचं. लांबच्या जंगलांत महिना महिना राहून संशोधन करणं या दिनक्रमात बसणारं नव्हतं. म्हणून जे जवळ होतं तेच त्यांनी घेतलं. घरामागची भातखाचरं, त्यांचे बांध, शेजारचा गोठा, पडवीच्या भिंती आणि पावसाळ्यात पाण्याने निथळणारे डोंगरउतारावरचे कातळ. कोळी, विंचू, गोचीड, भाजीवरची लाल कोळी कीड आणि लांबलचक पायांचे हार्वेस्टमन, असे आठ पायांच्या प्राण्यांचे कितीतरी गट तिथे हाताच्या अंतरावर होते. निवृत्तीनंतर सूक्ष्मदर्शक पडवीत आला आणि विद्यार्थी लोकलने कुंभिवलीला येऊ लागले, एवढाच फरक पडला.

या कामाने काय शिकवलं, असं विचारलं तर त्या आडवळण न घेता सांगतात. गुणसूत्रांची संख्या ही नोंदवहीत सगळ्यात शेवटी लिहायची गोष्ट आहे. आधी पेशीत ती कशी वागतात ते पाहायचं. कोण कोणाशेजारी उभं राहतं, कोण जोडी जमवतं, कोण एकटं राहतं, विभाजनाच्या वेळी कोण कोणत्या टोकाला जातं. लिंग गुणसूत्रं नुसत्या आकारावरून ओळखता येतीलच असं नाही. त्यांची ओळख पटते ती वागण्यावरून.

हे पाहायचं तर योग्य वयाचा नर योग्य वेळी मिळायला हवा. भाताच्या खाचरात पळणारे लांडगा कोळी बाई पोटरीला आलेल्या भातात शोधतात. हवा असतो तो शेवटची कात टाकायची बाकी असलेला नर. त्याच्या तोंडाजवळच्या दोन स्पर्शपादांची टोकं फुगलेली असतात, पण त्यांवरची बारीक रचना अजून उलगडलेली नसते. पूर्ण वाढलेल्या नरात शुक्राणू बनण्याचं काम बरंचसं उरकलेलं असतं आणि विभाजनाच्या अवस्थेतल्या पेशी मोजक्याच सापडतात. सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ साहाय्यकांनी त्यांना हे दाखवून दिलं. त्या गृहस्थांकडे पदवी नव्हती, पण कोणत्या महिन्यात कोणता कीटक उघडायचा याचं पंचांग त्यांच्या डोक्यात होतं.

पुढचं काम टेबलावरचं. कोळ्याचं पोट खालच्या बाजूने उघडलं की वळसे घेतलेल्या दोन पांढऱ्या नळ्या दिसतात. तेच वृषण. ते पोटॅशियम क्लोराइडच्या 0.075 मोलर द्रावणात दहा-पंधरा मिनिटं ठेवले की पेशी पाणी शोषून फुगतात आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अॅसिटिक अॅसिडच्या मिश्रणात ते पक्के करायचे. त्यातला तिळाएवढा तुकडा स्लाइडवर घ्यायचा, 60 टक्के अॅसिटिक अॅसिडचा थेंब टाकायचा आणि दोन सुयांनी तो इतका विस्कटायचा की थेंब गढूळ दिसू लागेल. स्लाइड साधारण 40 अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवून तो थेंब सुईच्या टोकाने हळूहळू फिरवायचा. थेंब जिथून जातो तिथे पेशी चिकटत जातात. सुई काचेला लागली तर ओरखडा उठतो, थेंब एका जागी थांबला तर पेशींची रास होते. शेवटी गिम्साचा रंग. विद्यार्थ्यांना बाई पहिले काही आठवडे फक्त हा थेंब फिरवायलाच लावतात.

शंभर पटींच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली पूर्वावस्थेतली पेशी आली की बाकीची गुणसूत्रं फिक्या जांभळ्या धाग्यांच्या गुंत्यासारखी दिसतात. केंद्रकाच्या कडेला मात्र दोन गडद कांड्या एकमेकींना लागून पडलेल्या असतात. त्या एक्स-1 आणि एक्स-2. बाकीचे धागे अजून सैल असताना या दोघी घट्ट आवळलेल्या असतात, म्हणून रंग जास्त धरतात. मध्यावस्थेत लांडगा कोळ्याच्या नरात 13 जोड्या जमतात आणि शेजारी या दोन एक्स, जोडीदाराविना, पण समांतर उभ्या राहतात. नराची एकूण संख्या झाली 28. पश्चावस्थेत दोन्ही एक्स एकाच टोकाला जातात. त्यामुळे दुसऱ्या विभाजनाच्या पेशी दोन प्रकारच्या मिळतात, काहींत 13 आणि काहींत 15. पंधरावाला शुक्राणू अंड्याला भेटला तर 30 गुणसूत्रांची मादी, तेरावाला भेटला तर 28 चा नर. वर्गातल्या प्रश्नाचं उत्तर असं एका स्लाइडवर सापडतं. एक्सचा संच दुहेरी मिळाला की मादी, एकेरी मिळाला की नर.

ही रचना पहिल्यांदा लक्षात आली ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यानंतर अमेरिकेतल्या थिओफिलस पेंटर यांनी 1914 मध्ये कोळ्यांच्या शुक्राणुनिर्मितीवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पेंटर यांचं पुढचं काम बाई प्रत्येक तुकडीला सांगतात. याच पेंटर यांनी 1920 च्या दशकात माणसाची गुणसूत्रं मोजली आणि 48 हा आकडा दिला. तो तीस वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत राहिला. 1956 मध्ये स्वीडनमधल्या लुंडला काम करताना जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी 46 हा खरा आकडा मांडला. मधल्या काळात फरक पडला होता तो तंत्रात. पेशी फुगवणाऱ्या सौम्य द्रावणाचा उपयोग 1950 च्या दशकात रुळला आणि एकावर एक पडलेली गुणसूत्रं सुटी दिसू लागली. इतक्या मुरलेल्या नजरेलाही दाटीवाटीच्या पेशीत संख्या चुकते. पण पुरुषात एक्स आणि वाय असतात, हे पेंटर यांनी त्याच स्लाइड्सवर बरोबर पाहिलं होतं. वागणूक आधी आणि आकडा नंतर, हा आग्रह बाईंनी धरला तो या इतिहासामुळे.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. बोले-गौडा यांनी 1958 मध्ये 22 भारतीय कोळ्यांच्या अर्धसूत्री विभाजनाचा अभ्यास छापला. चंडीगडला पंजाब विद्यापीठात त्याच सुमाराला कोळी आणि विंचू या दोन्हींवर काम चालू होतं. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात बी. के. टिकादर कोळ्यांच्या जाती ओळखत होते. त्यांनी आणि डी. बी. बास्तवडे यांनी मिळून लिहिलेला भारतीय विंचवांवरचा ग्रंथ 1983 मध्ये आला. जातीची ओळख पक्की नसेल तर गुणसूत्रांच्या नोंदीला काही किंमत नाही. म्हणून बाई प्रत्येक प्राण्याचं उरलेलं शरीर अल्कोहोलमध्ये जपून ठेवतात. स्लाइड आणि बाटली यांच्यावर एकच क्रमांक.

पडवीच्या भिंतीवर रात्री झुरळं खायला येणारा तळहाताएवढा चपटा कोळी कोकणात घरोघरी दिसतो. त्याची मादी पांढरी चकतीसारखी अंडपिशवी पोटाखाली धरून फिरते. एका पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, की नर मारून वृषण काढण्याऐवजी ही अंडीच का पाहायची नाहीत? वाढणाऱ्या भ्रूणातही पेशी विभाजित होतच असतात. त्यांनी एका पिशवीतले भ्रूण वेगवेगळ्या स्लाइडवर घेतले. काही भ्रूणांत 41 गुणसूत्रं होती, काहींत 44. एकाच आईची, एकाच पिशवीतली पिल्लं, आणि फरक बरोबर तिनाचा. या कोळ्यात तीन वेगवेगळी एक्स असतात. नराकडे तीन, मादीकडे सहा. डोळे फुटण्याआधी, पाय धड दिसण्याआधी त्या पिल्लांतले भाऊ कोण आणि बहिणी कोण हे समोर होतं. बाईंच्या शिकवण्याला वळण मिळालं ते या दिवसापासून. तोवर त्या नराच्या वृषणातूनच सगळं समजावत असत. आता मुलगा-मुलगी ठरणं प्रत्यक्ष भ्रूणात दाखवता येऊ लागलं.

भ्रूण मोजण्याची ही रीत जगात आणखी एका मोठ्या प्रश्नाला लावली गेली आहे. आफ्रिकेतला स्टेगोडिफस डुमिकोला हा कोळी वसाहत करून राहतो आणि त्याच्या वसाहतीत नर फार थोडे असतात. जन्मल्यावर नर मरतात, की मुळात कमीच जन्मतात? लेटिशिया अविलेस आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये भ्रूणांची गुणसूत्रं मोजून दाखवलं की जन्मतःच माद्या कितीतरी जास्त असतात. पुढे 2018 मध्ये आणखी एक उलगडा झाला. त्या जातीचे नरच एक्सवाले शुक्राणू जास्त प्रमाणात तयार करतात. याच प्रजातीचा सामाजिक कोळी भारतातही आहे, देशावरच्या कोरड्या काटेरी झुडपांत त्याची जळमटांची मोठी घरटी दिसतात. कुंभिवलीच्या पावसात तो नाही. बाईंना त्याची ओढ आहे, आणि घाट चढून गेलेल्या विद्यार्थ्यांना त्या पहिली विचारणा त्याचीच करतात.

विंचवांकडे त्या उशिरा वळल्या. त्यामागे भीती होती आणि ती लपवण्याचं त्यांना कारण वाटत नाही. रायगड जिल्ह्यात लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावल्याच्या आठवणी प्रत्येक गावात आहेत. या जिल्ह्यातल्याच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध दंशाच्या रुग्णांना देऊन हृदय आणि फुफ्फुसं वाचवता येतात हे सिद्ध केलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाईंच्या शेजारच्या घरातला एक मुलगा कापणीच्या दिवसांत भाताच्या भाऱ्याखाली हात घालताना डंखला गेला. घामाने निथळत होता, हातपाय गार पडले होते. वेळेत औषध मिळालं आणि तो वाचला. त्याच्या वडिलांनी पकडलेला विंचू बरणीत घालून बाईंना आणून दिला. तो त्यांनी पाहिलेला पहिला लाल विंचू.

त्यानंतर अतिनील प्रकाशाची बॅटरी आणि लांब चिमटा घेऊन रात्री बांध धुंडाळणं सुरू झालं. अतिनील प्रकाशात विंचू हिरवट निळा चमकतो आणि दगडाच्या फटीतही नजरेतून सुटत नाही. लाल विंचू ब्यूथिडी कुळातला. या कुळाची गुणसूत्रं माणसाच्या किंवा लांडगा कोळ्याच्या गुणसूत्रांसारखी नसतात. आपल्या गुणसूत्रावर एकच गुणसूत्रबिंदू असतो आणि विभाजनात गुणसूत्रं ओढणारे तुर्कतंतू तिथेच धरतात. ब्यूथिडी विंचवांत तुर्कतंतू गुणसूत्राच्या सगळ्या लांबीवर धरतात. लांब बांबू मधोमध एकाच दोरीने ओढला आणि वाटेत मोडला, तर दोरी नसलेला तुकडा मागे राहतो. पेरापेराला दोरी असेल तर दोन्ही तुकडे ओढले जातात. म्हणून या विंचवांत गुणसूत्र तुटलं तरी तुकडा गहाळ होत नाही, पिढीजात पुढे जातो. दोन तुकडे जुळले तरी अडत नाही. ब्राझीलच्या टिटियस बहिएन्सिस या विंचवात एकाच जातीत 5 पासून पुढे वेगवेगळ्या संख्या मिळाल्या आहेत. सगळ्या विंचवांचा विचार केला तर संख्या 5 पासून जवळपास पावणेदोनशेपर्यंत जाते.

यापेक्षा बाईंना जास्त गुंतवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. विंचवाच्या नराची आणि मादीची गुणसूत्रं शेजारी ठेवली तर फरक दाखवता येत नाही. गडद कांड्या नाहीत, एकटं राहणारं गुणसूत्र नाही. ब्यूथिडींच्या नरात तर जोडीदार गुणसूत्रं एकमेकांत देवाणघेवाणही करत नाहीत, नुसती समांतर चिकटून राहतात. काही नरांत पाच-सहा गुणसूत्रांची साखळी दिसते, आणि नवीन विद्यार्थी ती पाहताच लिंग गुणसूत्र सापडलं म्हणून हरखतो. बाई त्याला माद्यांच्या स्लाइड्स काढायला लावतात. तशीच साखळी तिथेही निघाली तर ती तुटण्या-जुळण्याची खूण आहे, लिंगाची नाही. हा फरक समजायला मुलांना वेळ लागतो आणि तो वेळ त्या आनंदाने देतात.

गोठ्यातल्या गोचिडीत चित्र पुन्हा वेगळं. गुरांच्या अंगावरच्या नेहमीच्या गोचिडीत मादीची गुणसूत्रं 22 आणि नराची 21. नरात एक्स एकच, वाय नाही, आणि तो एक्स सगळ्यांत लांब. नवशिक्याला शिकवायला यासारखं साहित्य नाही. भाजीवरच्या लाल कोळी किडीची गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या थेट उपयोगाची. गावातला एक शेतकरी उन्हाळी भेंडी आणि वांगी करतो. फवारणी करूनही कीड जात नाही, पानं पांढुरकी पडून जाळी धरते, अशी त्याची तक्रार. बाईंनी त्याला भिंगातून पानाची खालची बाजू दाखवली आणि सांगितलं, "दादा, हिच्या मादीत सहा गुणसूत्रं आणि नरात तीनच. फळलेल्या अंड्यातून मादी होते, न फळलेल्यातून नर." एकटी मादी नव्या झाडावर पोचली तरी ती नर घालू शकते आणि वसाहत उभी राहते. शिवाय नराकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. औषधाला दाद न देणारं जनुक एखाद्या नरात आलं तर ते दुसऱ्या प्रतीआड झाकलं जात नाही, पहिल्याच फवारणीत तो नर तगतो आणि ते पुढे पसरतं. एकच औषध पुन्हा पुन्हा मारल्याने किडीची शक्ती का वाढते, हे त्या शेतकऱ्याला तीन आणि सहा या दोन आकड्यांवरून पटलं. तेव्हापासून तो औषधं आलटूनपालटून वापरतो आणि आधी कृषी सहायकांना विचारतो.

बाईंच्या विचारांना खरा धक्का बसला तो एका शोधनिबंधाने. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले यिर्झी क्राल आणि सहकारी यांनी 2006 मध्ये कोळ्यांच्या जुन्या शाखांची गुणसूत्रं तपासली. त्यांचं निरीक्षण असं, की अनेक एक्स असलेल्या कोळ्यांत याखेरीज आणखी एक जोडी लिंग गुणसूत्रांची असते. ती दिसायला अगदी इतर जोड्यांसारखी. दोन्ही सदस्य सारख्या लांबीचे, सारख्या घडणीचे. मोजणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. पण नराच्या विभाजनात ही जोडी एक्सच्या शेजारी येऊन उभी राहते आणि त्यांच्याबरोबर वेगळी वागते. म्हणजे वाय कधीच नव्हतं असं नाही. फारसं न बदललेल्या रूपात ते जोडीत मिसळून राहिलेलं असू शकतं. हे वाचल्यावर बाईंनी लाकडी पेटीतल्या जुन्या स्लाइड्स पुन्हा काढल्या आणि दोन गडद कांड्यांच्या आजूबाजूला कोण उभं आहे ते नव्याने पाहायला सुरुवात केली. वर्गातलं ते पहिलं वाक्यही त्यांनी तेव्हापासून बदललं. आधी त्या "वाय नसतं" म्हणत, आता "वाय दिसत नाही" म्हणतात.

वाय नव्याने घडतानाही दिसतं. एक्स गुणसूत्र एखाद्या साध्या गुणसूत्राला चिकटलं की त्या साध्या गुणसूत्राचा मोकळा राहिलेला जोडीदार फक्त नरांकडेच राहतो, बापाकडून मुलाकडे जातो आणि नवा वाय होऊन बसतो. वेन मॅडिसन यांनी हॅब्रोनॅटस या उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या एकाच प्रजातीत असं अनेकदा स्वतंत्रपणे घडल्याचं 2013 मध्ये दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या डेलेना कॅन्सरिडीस या सालीखाली राहणाऱ्या कोळ्याच्या काही नरांत तर गुणसूत्रं चिकटून लांबच लांब साखळ्या बनल्या आहेत.

हे सगळं परदेशातलं वाटू नये म्हणून बाई भेकराचं उदाहरण घेतात. खालापूर-कर्जतच्या रानात संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर ऐकलं नाही असा माणूस इथे विरळा. डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलं की भारतीय भेकराच्या मादीत अवघी 6 गुणसूत्रं असतात आणि नरात 7. त्याच्या चिनी भाऊबंदात 46 असताना. नरात एक जास्त का, तर एक्स एका साध्या गुणसूत्राला चिकटलंय आणि त्या गुणसूत्राचा सुटा जोडीदार नरात वायसारखा वावरतो. डोंगरातलं हरीण आणि अमेरिकेतला मसुराएवढा कोळी, दोघांत एकच घडामोड झाली आहे. जवळच्या ठाकूरवाडीतल्या मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यातल्या एकाने भेकराची लेंडी आणून दिली आणि यातून गुणसूत्रं निघतील का असं विचारलं. बाईंनी त्याला विभाजित होणारी जिवंत पेशी का लागते ते मन लावून समजावलं. तो मुलगा पुढे विज्ञान शाखेला गेला.

अलीकडच्या वर्षांत सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला जनुकसंचाचं वाचन आलं. 2017 मध्ये घरगुती कोळी आणि एक विंचू यांच्या जनुकसंचावरून कळलं की या दोन्ही गटांच्या सामाईक पूर्वजात, चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, सगळा जनुकसंचच दुप्पट झाला होता. शरीराचे खंड ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचे म्हणून त्यांच्यात दोन संच सापडतात. मग हार्वेस्टमनचं काय? 2021 मध्ये प्रशांत शर्मा यांच्या विस्कॉन्सिनमधल्या प्रयोगशाळेने फॅलँजियम ओपिलिओ या हार्वेस्टमनचा जनुकसंच वाचला. तिथे हॉक्सचा संच एकच निघाला. दुपटीची ती घटना हार्वेस्टमनच्या वाट्याला आलीच नाही.

हे वाचल्यापासून बाईंचं लक्ष कातळांवरच्या त्या लांब पायांच्या प्राण्यांवर खिळलं आहे. पावसात ओल्या कपारीत ते थव्याने बसतात आणि माणसाची चाहूल लागली की सगळे एकदम अंग खालीवर झुलवायला लागतात. लोक त्यांना विषारी कोळी समजून मारतात. त्यांना विषग्रंथी नाहीत, जाळं नाही. शरीर मधे आवळलेलं नाही, एकसंध आहे, आणि दोनच डोळे पाठीवरच्या उंचवट्यावर बसवलेले. पाय धरला तर तो तोडून देऊन निघून जातात. आत उघडून पाहिलं तर वृषण दोन नळ्यांचा नाही. एकच नळी, इंग्रजी यू सारखी वळलेली.

जपानमध्ये नोबुओ त्सुरुसाकी यांनी आयुष्यभर हार्वेस्टमनचीच गुणसूत्रं पाहिली. त्यांच्या कामातून दिसलं की एकाच जातीत डोंगरागणिक संख्या बदलते आणि दोन प्रकार भेटतात तिथे संकरांचे अरुंद पट्टे असतात. हे प्राणी उडत नाहीत, कोळ्याच्या पिल्लांसारखे धाग्यावरून वाऱ्याने जात नाहीत, चालूनच पसरतात. मधे नदी किंवा कोरडं माळरान आलं की दोन बाजूंच्या वस्त्या वेगळ्या पडतात. एका जातीत तर नेहमीच्या गुणसूत्रांखेरीज डझनभराहून अधिक जादा गुणसूत्रं काही प्राण्यांत आढळली, त्यांच्यावाचून बाकीच्यांचं काही अडत नाही. आणि लिंग गुणसूत्रं? बऱ्याच जातींत नर एक्स-वाय, पण वाय इतका साध्या गुणसूत्रासारखा की ओळखणं कठीण. काही जातींत उलटं, पक्ष्यांसारखं. दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे, म्हणजे झेड-डब्ल्यू. कोळ्यांत बहुतेक ठिकाणी ठरून गेलेला प्रश्न हार्वेस्टमनमध्ये अजून हलता आहे. बाईंना हा गट जवळचा वाटतो तो यासाठीच.

या कामात ठिकाणाची नोंद संख्येइतकीच महत्त्वाची. पेटीतल्या प्रत्येक स्लाइडवर त्या गाव, वाडी, ओढा, तारीख, लिंग आणि वय लिहायला लावतात. नुसतं 'कर्जत' लिहिलेली स्लाइड परत करतात. कर्जत आणि खालापूर शेजारी असले तरी पाणी दोन दिशांना वाहतं. कर्जतकडून उल्हास जाते, खोपोलीकडून पाताळगंगा. मधल्या डोंगराच्या दोन उतारांवरचे हार्वेस्टमन एकच आहेत की वेगळे पडले आहेत, हे गुणसूत्रांवरून पाहायचं काम त्यांनी आता हाती घेतलं आहे. खोपोली आणि कर्जतहून येणाऱ्या मुलांना त्यांनी उतार वाटून दिले आहेत. पाऊस लागून कातळ ओले झाले की दोन्हीकडून एकाच आठवड्यात गोळा करायचं. फक्त नर आणून भागणार नाही, हे त्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतात. झेड-डब्ल्यूवाली जात असेल तर नराकडे दोन्ही झेडच असतील आणि त्याच्या कितीही पेशी पाहिल्या तरी वेगळं काही दिसणार नाही. म्हणून प्रत्येक उतारावरून नराबरोबर मादी आणि जमल्यास अंडी, तिन्ही आणायची.